नववीत स्पीच अँड डिबेट संघात जाणाऱ्या मुलीच्या पालकांना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सातवीपर्यंत पुण्यात मराठी माध्यमात शिकली, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धांत तिने बक्षिसे मिळवली, आठवीच्या वर्षी कुटुंब न्यू जर्सीत आले आणि येत्या सप्टेंबरमध्ये ती नववीत, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्या वर्षात, जाणार आहे. शाळेत स्पीच अँड डिबेटचा संघ आहे. आईवडिलांना वाटते की तिने भाषणाचा प्रकार घ्यावा, कारण तो तिला येतो. तिला मात्र डिबेट करायचे आहे. तिचे इंग्रजी उच्चार आड येतील का, वेळ आणि पैसा किती लागेल, कॉलेजच्या प्रवेशाला याचा उपयोग होतो का, आणि पालकांनाच परीक्षक म्हणून बसावे लागते असे शाळेने कळवले आहे ते काय प्रकरण आहे, हे पुढचे प्रश्न. अशा संघांना शिकवण्यात आणि शनिवारी वर्गावर्गांतून परीक्षण करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. स्पर्धाप्रकार निवडताना मुलगी व्यासपीठावर कशी शोभेल याचा विचार करू नका. बुधवारी संध्याकाळी गृहपाठ संपल्यावर कोणत्या प्रकारची तयारी ती कुणी न सांगता करेल, याचा विचार करा. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष बोलण्याची मिनिटे फार थोडी येतात, आणि बाकी सगळा काळ वाचनात, लिहिण्यात, घोकण्यात किंवा दुसऱ्याचे ऐकण्यात जातो. ज्या मुलांची निवड या कामाशी जुळते ती चार वर्षे टिकतात, आणि ज्यांची निवड केवळ आवाज आणि आत्मविश्वास पाहून झालेली असते ती पहिल्या हिवाळ्यातच गळतात, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

यासाठी आपल्याकडची स्पर्धा आणि इथली स्पर्धा यांतला फरक नीट लक्षात घ्यायला हवा. महाराष्ट्रातल्या शालेय वक्तृत्व स्पर्धेत विषय आधी जाहीर होतो, भाषण बहुधा शिक्षक किंवा घरातले कोणी लिहून देतात, मुले ते पाठ करतात, आणि परीक्षक उच्चार, हावभाव, मांडणी यांना गुण देतात. वादविवाद स्पर्धेतही अनुकूल किंवा प्रतिकूल बाजू स्पर्धकच निवडतो आणि पुष्कळदा आधीच्या वक्त्याला एखादा टोला हाणून आपले ठरलेले भाषण म्हणतो. अमेरिकेतल्या डिबेटमध्ये एकच ठराव सर्वांना दिलेला असतो आणि तुमच्या मुलीला सकाळच्या फेरीत त्याच्या बाजूने आणि दुपारच्या फेरीत त्याच्या विरोधात बोलावे लागते. मध्ये समोरची मुले तिला थेट प्रश्न विचारतात. निकाल बोलण्याच्या ऐटीवर कमी आणि कोणाचा मुद्दा उत्तराविना राहिला यावर अधिक ठरतो. म्हणून पुण्यातली बक्षिसे हे तिचे भांडवल आहे खरे, पण ते भाषणाच्या बाजूला अधिक चालते. डिबेटमध्ये तिला जवळजवळ नव्याने सुरुवात करावी लागेल, आणि तिला तेच हवे असेल तर त्यात काही वावगे नाही.

या सगळ्या खेळाची देशपातळीवरची मुख्य संस्था म्हणजे नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन, म्हणजेच एनएसडीए. विस्कॉन्सिनमधल्या रिपन कॉलेजातले ब्रुनो जेकब यांनी १९२५ मध्ये नॅशनल फोरेन्सिक लीग (‘फोरेन्सिक’ म्हणजे इथे भाषण आणि वादविवाद) या नावाने ती सुरू केली, १९३१ मध्ये रिपन येथेच पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, आणि आजचे नाव २०१४ मध्ये आले. ती मूळची विद्यार्थ्यांना मान्यता देणारी संस्था असल्यामुळे तिच्यात गुण साठवण्याची पद्धत आहे: डिबेटची फेरी जिंकली की सहा गुण, हरली तरी तीन. पंचवीस गुण झाले की पहिली पायरी मिळते. हरणाऱ्यालाही गुण देण्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याकडे मी पुढे येतोच.

आता प्रकारांविषयी. डिबेटचे तीन मुख्य प्रकार एकाच्या पोटातून दुसरा जन्मला असे आहेत, आणि ती वंशावळ कळली की निवड सोपी होते. सर्वांत जुना तो पॉलिसी डिबेट. दोघांचा संघ, वर्षभर एकच ठराव, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने काय करावे असा प्रश्न. २०२४-२५ मध्ये बौद्धिक संपदेच्या हक्कांचे संरक्षण वाढवावे का हा विषय होता, तर २०२५-२६ साठी आर्क्टिक प्रदेशाचे संशोधन आणि विकास हा. पहिली भाषणे आठ मिनिटांची, नंतरची पाच मिनिटांची. एकच विषय वर्षभर खणल्यामुळे मुले विद्यापीठीय संशोधनाच्या तोडीचे वाचतात. पण आठ मिनिटांत जास्तीत जास्त पुरावा कोंबण्याच्या नादात बोलण्याचा वेग इतका वाढला की सवय नसलेल्या माणसाला शब्दच कळू नयेत. या वेगाला इथे ‘स्प्रेडिंग’ म्हणतात. त्याला कंटाळून १९८० च्या सुमारास लिंकन-डग्लस हा एकास एक असा प्रकार आला, ज्यात धोरणाच्या तपशिलापेक्षा मूल्यांचा विचार अपेक्षित होता. २०१८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचा ठराव पाहा: लोकशाहीत सार्वजनिक पदाच्या उमेदवाराच्या खासगीपणाच्या हक्कापेक्षा जनतेचा जाणून घेण्याचा हक्क मोठा मानावा. (नाव १८५८ मध्ये इलिनॉयच्या सेनेट जागेसाठी लिंकन आणि डग्लस यांच्यात झालेल्या सात जाहीर वादांवरून घेतले आहे. त्या वादांत पहिला वक्ता तासभर, दुसरा दीड तास आणि पुन्हा पहिला अर्धा तास बोलत असे; आजच्या प्रकारात सर्वांत मोठे भाषण सात मिनिटांचे असते, तेव्हा साम्य नावापुरतेच.) काही वर्षांत लिंकन-डग्लसही तांत्रिक आणि वेगवान झाले, आणि मग २००२ मध्ये पब्लिक फोरम आले, ज्याची अपेक्षाच अशी होती की रस्त्यावरून आत आलेल्या सुजाण नागरिकाला वाद समजला पाहिजे.

पब्लिक फोरममध्ये दोघांचा संघ असतो. फेरीच्या सुरुवातीला नाणे उडवतात; जिंकणारा संघ बाजू तरी निवडतो किंवा आधी बोलायचे की नंतर हे तरी ठरवतो, आणि उरलेली निवड दुसऱ्याकडे जाते. पहिली भाषणे चार मिनिटांची, मग तीन मिनिटांची ‘क्रॉसफायर’, ज्यात दोन्ही बाजूंचे वक्ते उभे राहून एकमेकांना प्रश्न विचारतात, मग खंडनाची चार मिनिटे, सारांशाची तीन, आणि शेवटचे भाषण अवघे दोन मिनिटांचे. विषय एक-दोन महिन्यांनी बदलतो आणि तो वर्तमानपत्रातला असतो. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘मेडिकेअर फॉर ऑल’, म्हणजे सर्वांना सरकारी आरोग्यविमा देणारा, कायदा करावा का, हा होता. वाढत्या वेगाची लागण मोठ्या स्पर्धांमधून इथेही झालेली आहे, पण नवख्यांच्या, म्हणजे ‘नॉव्हिस’, विभागात अजून माणसासारखे बोलतात.

चौथा प्रकार काँग्रेशनल डिबेट. यात मुले लोकप्रतिनिधी होऊन विधेयकांवर तीन-तीन मिनिटे बोलतात आणि सभापती त्यांच्यातूनच निवडला जातो. आधी कमी वेळा बोललेल्याला पुढची संधी द्यायची असा नियम असल्यामुळे कधी उठावे याचा अंदाज बांधावा लागतो. इथे माझे एक निरीक्षण आहे: दहा जण एकाच बाजूने बोलून गेल्यावर अकराव्याने तेच मुद्दे म्हटले तर परीक्षक पेन खाली ठेवतात. पाठ केलेले भाषण ऐन वेळी मोडून नवे जुळवण्याची ज्या मुलाची तयारी नाही, त्याने हा प्रकार घेऊ नये.

भाषणाच्या बाजूला ओरिजिनल ऑरेटरी हा प्रकार तुमच्या मनातला दिसतो. स्वतः लिहिलेले, पाठ केलेले, दहा मिनिटांचे भाषण, आणि तेच भाषण पूर्ण हंगामभर घासून-पुसून म्हणायचे. आपल्याकडच्या मुलांना यात दोन गोष्टी जड जातात. पहिली म्हणजे भाषण खरोखर स्वतःच लिहावे लागते आणि एनएसडीएच्या नियमाप्रमाणे त्यात दुसऱ्याचे उद्धृत शब्द दीडशेपेक्षा जास्त चालत नाहीत; सुभाषित, अभंगाची ओळ आणि थोरांचे वचन यांची माळ लावून भाषण उभे करण्याची सवय इथे मोडावी लागते. दुसरी म्हणजे आवाजाची पट्टी. पंधरा-वीस फूट लांबीच्या वर्गात सहा स्पर्धक आणि एक परीक्षक एवढाच श्रोतृवर्ग असतो, त्यामुळे शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तारस्वर आणि ‘सन्माननीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग’ अशी सुरुवात विनोदी वाटते. इथे समोरच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलतो तसे बोलायचे असते.

एक्स्टेम्पोरेनियस, बोलीत एक्स्टेम्प, हा माझ्या मते सर्वांत कमी प्रसिद्ध पण सर्वांत जास्त शिकवणारा प्रकार. तीन प्रश्न चिठ्ठीने हाती येतात, त्यातला एक घ्यायचा, तीस मिनिटांत तयारी करायची आणि कागद न पाहता सात मिनिटे बोलायचे. प्रश्न चालू राजकारणातले किंवा अर्थकारणातले असतात. घरात रोज वर्तमानपत्र वाचले जाते आणि जेवताना त्यावर बोलले जाते अशा मुलांना हा चांगला मानवतो.

अभिनयाचे प्रकारही भाषणाच्या बाजूलाच येतात. गंभीर, विनोदी आणि दोघांचा असे ते असतात. पोशाख नाही, वस्तू नाहीत, छापील साहित्यातला दहा मिनिटांचा अंश एकपात्री पद्धतीने सादर करायचा. दोघांच्या प्रकारात तर एकमेकांना स्पर्श करायलाही मनाई आहे आणि एकमेकांकडे पाहायलाही. नाटकाचे वेड असेल तरच तिकडे जावे, एवढे सांगून थांबतो.

तर तुमच्या मुलीसाठी काय? तिला डिबेटची ओढ आहे आणि इथे येऊन तिला एकच वर्ष झाले आहे, म्हणून पहिल्या वर्षी नॉव्हिस पब्लिक फोरम, असे माझे मत आहे. विषय बदलत राहतो, त्यामुळे एक विषय जमला नाही तरी वर्ष वाया जात नाही. सोबतीला जोडीदार असतो, आणि नव्या शाळेत एक हक्काचा मित्र किंवा मैत्रीण मिळणे ही लहान गोष्ट नाही. मात्र त्याआधी तिला एक साधी परीक्षा घेऊ द्या. एखाद्या ठरावावर दोन्ही बाजूंचे मिळून चार लांब लेख वाचायचे आणि प्रत्येकातले सर्वांत बळकट वाक्य आणि सर्वांत कच्चे वाक्य कागदावर काढायचे. हे करताना वेळ कसा गेला ते कळले नाही असे ती म्हणाली, तर डिबेट. एकच लेख वाचून ती त्यावर सुंदर परिच्छेद लिहायला बसली, तर तुमचे म्हणणे खरे आणि ऑरेटरी तिच्यासाठी अधिक चांगली. बहुतेक संघ वर्षाच्या मध्ये प्रकार बदलू देतात. काही स्पर्धांत दोन प्रकारांत भाग घेता येतो, काहींत वेळापत्रकामुळे येत नाही, ते कोचला विचारावे.

डिबेटमध्ये पहिल्या वर्षी शिकण्याची मुख्य गोष्ट बोलणे नसून ‘फ्लो’ घेणे आहे. कागद आडवा धरून उभे रकाने पाडतात, प्रत्येक भाषणाला एक रकाना, आणि समोरच्याचा मुद्दा जिथे लिहिला त्याच्याच शेजारी त्यावरचे उत्तर. क्रिकेटच्या स्कोअरबुकात जसा प्रत्येक चेंडूचा हिशोब लागतो तसा इथे प्रत्येक मुद्द्याचा लागतो, आणि ज्या मुद्द्यापुढचा रकाना रिकामा राहिला तो मुद्दा समोरच्याने मान्य केला असे धरले जाते. नवी मुले ऐकताना स्वतःचे पुढचे वाक्य जुळवत बसतात, म्हणून त्यांचे रकाने रिकामे राहतात. एरवी अबोल असलेली मुले यात पुष्कळदा पुढे जातात, कारण त्यांना ऐकायची सवय असते. माझ्याकडच्या एका मुलीला वर्गात हात वर करायचा म्हटले तरी घाम फुटत असे. पण तिचा फ्लो इतका स्वच्छ असे की तिच्या जोडीदाराला सारांशाच्या भाषणात काहीच शोधावे लागत नसे, आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ते भाषण तिनेच करायला घेतले. घरी सराव करायचा असेल तर मराठी वृत्तवाहिनीवरची संध्याकाळची चर्चा लावा आणि तिला वक्त्यांचे रकाने पाडायला सांगा. तिथे चौघे एकदम बोलतात, त्यामुळे त्यानंतर शाळेतली फेरी अगदी संथ वाटते.

पुराव्याविषयी कडक राहायला हवे. ‘तज्ज्ञांचे असे म्हणणे आहे’ हे वाक्य इथे चालत नाही. लेखकाचे नाव आणि वर्ष तोंडी सांगावे लागते, मूळ उतारा मागितल्यास तिथल्या तिथे दाखवावा लागतो, आणि लेखकाच्या म्हणण्याचा अर्थ फिरवलेला सिद्ध झाला तर ती फेरी जाते. मुले हे जाणूनबुजून क्वचित करतात. इंटरनेटवरचा संघांनी तयार केलेला तुकडा मूळ लेख न वाचता उचलला की आपोआप घडते. घरात एकच नियम ठेवा: जो लेख तिने पूर्ण वाचलेला नाही त्यातले वाक्य तिने वापरायचे नाही. हाच नियम यंत्राने लिहून दिलेल्या मजकुरालाही लावा. क्रॉसफायरमध्ये ‘हा आकडा कसा काढला?’ असा साधा प्रश्न आला की न वाचलेले लगेच उघडे पडते.

उच्चारांविषयी तुमची चिंता समजते, पण ती चुकीच्या जागी आहे. परीक्षकांना उच्चारांच्या ढबीवरून गुण न कापण्याची सूचना असते आणि बहुसंख्य ती पाळतात. सगळेच पाळतात असे मी म्हणणार नाही. अडचण खरे तर ढबीची नसून आघाताची आणि गतीची असते. मराठीत आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांना जवळजवळ सारखे वजन देतो, तर इंग्रजीत एका अक्षरावर जोर देऊन बाकीची गिळतात. ‘डेव्हलपमेंट’मधला जोर ‘व्हे’वर आहे, पहिल्या ‘डे’वर नाही, तो चुकला की ऐकणाऱ्याला शब्दच निसटतो, आणि तो शोधण्यात त्याचे पुढचे वाक्य हुकते. म्हणून प्रत्येक नव्या विषयाचे वीसेक कळीचे शब्द आघातासह मोठ्याने म्हणून पाहावेत, मुद्द्याचे शीर्षक सांगितल्यावर क्षणभर थांबावे, आणि ‘आता त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते’ अशा खुणा भाषणभर पेरत जाव्यात. एवढे केले तर पुणेरी ढब तशीच राहिली तरी काही बिघडत नाही. तिला अमेरिकन बोलणे शिकवायला शिकवणी लावू नका.

हरण्याविषयी आता बोलतो, कारण सर्वत्र पहिली येणाऱ्या मुलीला तो भाग सर्वांत अवघड जाईल. स्थानिक स्पर्धेत साधारण चार-पाच प्राथमिक फेऱ्या होतात आणि पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर पुष्कळ ठिकाणी सारख्या निकालाच्या संघांनाच एकमेकांसमोर आणतात. म्हणजे जो दोन जिंकला तो दोन जिंकलेल्याशीच लढतो. या रचनेत बहुसंख्य मुलांचा निकाल निम्म्याच्या आसपास येणे ठरलेलेच असते. दोन जिंकल्या आणि दोन हरल्या हा नवख्यासाठी चांगला दिवस आहे. पुण्यातल्या बक्षिसांच्या मापाने तो मोजू नका. घरी आल्यावर ‘किती जिंकलीस?’ हा प्रश्न दोन दिवस लांबणीवर टाका आणि परीक्षकांनी लिहिलेले बॅलट, म्हणजे निकाल आणि शेरे यांची पत्रके, तिच्याबरोबर बसून वाचा. एकाच परीक्षकाचे मत मनाला लावून घेऊ नये. तीन वेगवेगळ्या परीक्षकांनी तीच गोष्ट लिहिली असेल तर मात्र ती भिंतीवर चिकटवावी. परीक्षक अन्यायी होता ही तक्रार प्रत्येक शनिवारी प्रत्येक बसमध्ये होते. कधी ती खरीही असते. तरी पुढच्या फेरीत परीक्षक तसाच असणार आहे, आणि त्याला न समजलेली गोष्ट समजेल अशी सांगणे हे वक्त्याचेच काम आहे.

वेळेचे म्हणाल तर शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन-तीन दुपारी सराव, महिन्यातून एक-दोन शनिवार पहाटे बस ते रात्रीचे जेवण असे पूर्ण, आणि घरी वाचन. हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत चालतो. एनएसडीएची राष्ट्रीय स्पर्धा जूनमध्ये, नॅशनल कॅथलिक फोरेन्सिक लीग या दुसऱ्या संस्थेची मे महिन्याच्या अखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीत, आणि केंटकी विद्यापीठातली टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स वसंतात, पण नववीच्या मुलीने यातल्या एकीचाही विचार करण्याचे कारण नाही. आठवड्याचे इतर वर्ग, नृत्य, पोहणे, रविवारची मराठी शाळा यांतले काहीतरी सोडावे लागेल. काय सोडायचे ते तिने ठरवावे आणि ते ऑगस्टमध्येच ठरवावे, नाहीतर नोव्हेंबरमध्ये ते रडारडीने ठरते.

खर्च संघागणिक वेगळा असतो. शाळेचे अंदाजपत्रक चांगले असेल तर स्थानिक स्पर्धांत पालकांच्या खिशाला फारसे लागत नाही: एक साधा औपचारिक पोशाख, जेवण आणि थोडे शुल्क. पैसा जातो तो विमानाने जाऊन खेळायच्या राष्ट्रीय स्तरावरच्या स्पर्धांवर, उन्हाळ्यातल्या विद्यापीठांच्या निवासी शिबिरांवर आणि खासगी कोचवर. पहिल्या वर्षी या तिन्हींना नम्रपणे नाही म्हणा. शिबिर चांगले असते, पण एक हंगाम खेळल्यावर आपल्याला काय येत नाही हे कळलेले मूल त्यातून दसपट घेऊन येते. शाळेत पैशाची चणचण असेल तर कोचला एकांतात सांगावे. बहुतेक संघांकडे त्यासाठी सोय असते आणि तिचा बोभाटा होत नाही. हा खेळ श्रीमंत शाळांपुरता राहू नये म्हणून १९८५ मध्ये अटलांटात एमरी विद्यापीठाच्या पुढाकाराने पहिली अर्बन डिबेट लीग उभी राहिली आणि पुढे अनेक मोठ्या शहरांत तशा लीग झाल्या.

कॉलेजप्रवेशाचा प्रश्न प्रत्येक भारतीय पालक विचारतो, म्हणून सरळ उत्तर देतो. नुसते सभासदत्व आणि गुणांची पायरी अर्जात लिहिल्याने फार काही होत नाही, कारण तसे हजारो अर्ज असतात. उपयोग होतो तो आडवाटेने: चार वर्षे जवळून पाहिलेला कोच शिफारसपत्रात नेमके काहीतरी लिहू शकतो, आणि मुलाला निबंधात सांगण्यासारखा स्वतःचा विचार असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०२२ मध्ये रुजू झालेल्या न्यायमूर्ती केतांजी ब्राऊन जॅक्सन मायामीच्या पॅल्मेटो हायस्कूलच्या संघात होत्या, आणि आपल्या कोच फ्रॅन बर्गर यांचे ऋण त्यांनी जाहीरपणे मानले आहे. अशी नावे पालकसभेत हमखास सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. पण प्रवेशासाठी म्हणून पाठवलेले मूल अकरावीत, जेव्हा खरा कस लागतो तेव्हा, अंग काढून घेते, हेही तितकेच खरे आहे.

उरला परीक्षणाचा प्रश्न. प्रत्येक शाळेने जितके स्पर्धक आणले त्या प्रमाणात परीक्षक द्यायचे असतात, नाहीतर शुल्क भरावे लागते किंवा स्पर्धकांची संख्या कमी करावी लागते. म्हणून शाळा पालकांना विनवते. ‘मला यातले काही कळत नाही’ हे कारण चालत नाही, कारण पब्लिक फोरम मुळात न कळणाऱ्या माणसासाठीच निघाले आहे. स्वतःच्या शाळेच्या मुलांचे परीक्षण तुमच्याकडे येत नाही, ती व्यवस्था आयोजकच करतात. एनएसडीएकडे परीक्षकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण आहे, ते आधी पाहून घ्या. मग टॅबरूम या संकेतस्थळावर खाते काढा. फेऱ्या, वर्ग, निकाल सगळे तिथेच दिसते. तिथे परीक्षकाने स्वतःविषयी दोन ओळी लिहायची जागा असते, तिला ‘पॅरडाइम’ म्हणतात. तिथे खरे लिहा: मी पालक आहे, नवा आहे, सावकाश बोला, शेवटच्या भाषणात तुम्हीच का जिंकलात ते सांगा. मुले ती ओळ वाचून येतात आणि त्याप्रमाणे बोलण्याचा प्रयत्न करतात.

फेरीत आडवा कागद घेऊन तुम्हीही रकाने पाडा. विषयावर तुमचे स्वतःचे ठाम मत असेल तर ते दाराबाहेर ठेवा. मुलांनी न काढलेला मुद्दा तुम्हाला सुचला म्हणून त्यावर कोणाला हरवता येत नाही. फोनवर वेळ मोजा. प्रश्न विचारण्याचा मोह आवरा आणि मान डोलावण्याचाही, कारण मुले चेहरा वाचतात. भाषणे संपली की पाच मिनिटे रकान्यांकडे पाहून निर्णय घ्या, तीसपैकी वक्त्याचे गुण द्या (नवख्या मुलांना पंचवीसच्या खाली जाण्यासारखे कारण क्वचितच असते), आणि बॅलटवर दोन गोष्टी स्पष्ट लिहा: कोणत्या मुद्द्यावर फेरी ठरली, आणि हरलेल्या संघाने कोणत्या भाषणात काय म्हटले असते तर ती उलट ठरली असती. ‘छान बोललात’ एवढेच लिहिलेले बॅलट घेऊन मुलाला काही करता येत नाही. निकाल आधी नोंदवा आणि सविस्तर मजकूर नंतर सावकाश लिहा, कारण तुमचा निकाल येईपर्यंत पुढच्या फेरीच्या जोड्या लागत नाहीत आणि सगळी शाळा उपाहारगृहात ताटकळत बसते.